मंगली गेली तेव्हा कोण हजर होतं

१४ नोव्हेंबर १९८५, गुरुवार

मंगली गेली. दुपारी तीन वीसला.

आज लिहायचं नव्हतं. पण तीनदा हात धुतले तरी नखांत आहे ते. म्हणून वही काढली.

सकाळी आम्ही चौघी ड्युटीवर होतो. दहाला जीप आली आणि तिघी गेल्या, कुटुंबनियोजनाच्या शिबिराला. डॉ. वैरागडे पुढे बसले. टार्गेट पुरं करायचं ना! मागे दोघी नर्सा आणि गिरजाबाई. आमची इन्चार्ज सिस्टर, सव्वीस वर्षांची नोकरी. जाताना म्हणाली, "उंदिरवाडे, सांभाळ वं. सांजेलोक येतो."

सांभाळ! तीस खाटा, बावन्न पेशंट. हिवतापाची माणसं खाली सतरंजीवर. आणि मी एकटी. सोबतीला सुगंधाबाई आया.

अकराला लालसू बायकोला घेऊन आला. उलट्या खाटेवर घातलेली, चौघांच्या खांद्यावर, पहाटेपासून पाच कोस. पहिलटकरीण. एक दहाला मुलगी झाली. चांगली रडली. मंगली माझ्याकडे पाहून हसली पण.

मग वार पडेना. रक्त थांबेना. मेथर्जिन दिलं. सलाईन लावायला शीर सापडेना — तीनदा टोचलं, तिन्ही वेळा हुकलं. सुगंधाबाईला पोस्टात पळवलं फोन लावायला. लाईन बंद. जीप शिबिराला. पुस्तकात लिहिलं आहे, अशा वेळी वार हातानं काढावी. पुस्तकात! नागपूरला ट्रेनिंगमध्ये एका टेबलाभोवती चाळीस पोरी उभ्या असायच्या. मी मागच्या रांगेत. एकदाच दाखवलं होतं आणि मी काय पाहिलं — समोरच्या मुलीची टोपी.

मी हात घातला नाही. भीती वाटली. पोट दाबत बसले फक्त.

जीप पावणेसहाला आली. डॉक्टर उतरता उतरता ओरडले, "एकशे चौदा केसेस!"


१६ नोव्हेंबर

लालसू काल पोरीला लुगड्यात गुंडाळून घेऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गिरजाबाई माझ्याशी बोलत नाही. दोन दिवस नजर चुकवते आहे. वाटलं, तिलाही लागलं असेल.


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मेमो!

मलाच मेमो. "आपल्या हलगर्जीपणामुळे रुग्ण मंगली लालसू हिचा मृत्यू झाला असून आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये..." डॉक्टरांची सही. ठीक आहे, त्यांच्याकडून दुसरं काय येणार! पण खाली जोडपत्र आहे. गिरजाबाईचं निवेदन. तिचंच अक्षर, पाटीवर गिरवल्यासारखं मोठं मोठं. शब्द मात्र तिचे नाहीत, कोणीतरी सांगितलेले.

"सदर दिवशी मी स्वतः व इतर दोन परिचारिका रुग्णालयात हजर होतो. रुग्णाची प्रकृती बिघडल्याचे परिचारिका उंदिरवाडे यांनी मला कळविले नाही."

कळविले नाही!

बाई शिबिराच्या मांडवात, बारा कोसांवर. मी काय झाडावर चढून हाक मारायची होती?

चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचताना रडू थांबलं आणि दुसरंच काही सुरू झालं. ते बरं वाटलं.


२३ नोव्हेंबर

गिरजाबाई. गिरजाबाई. गिरजाबाई. पाणी पिताना पण तेच नाव.


२६ नोव्हेंबर

आज ड्रेसिंग रूममध्ये गाठलं तिला. दार लावून घेतलं.

म्हटलं, "बाई, तुम्ही कुठे होता त्या दिवशी?"

ती कापसाचे बोळे करत होती. हात थांबले नाहीत. "जे लिहिलं ते लिहिलं."

"माझी नोकरी जाईल."

"नाई जात. ठपका येईन. ठपक्यानं कोनी मरत नाई."

"मंगली मेली!"

तेव्हा तिनं बोळा खाली ठेवला. मग दाराची कडी काढली आणि वॉर्डात गेली.

याच बाईनं मला पहिल्या आठवड्यात शीर धरायला शिकवलं होतं. एका म्हाताऱ्याचा सुकलेला हात माझ्या हातात देऊन — "डोळे मीट. शीर डोळ्यानं नाई पाह्यत, बोटानं पाह्यतेत." मी आईला पत्रात लिहिलं होतं की इथे मला एक मावशी मिळाली. आता त्या पत्राची लाज वाटते. मी तिला सोडणार नाही. डॉक्टरलाही नाही, पण तिला तर नाहीच. डॉक्टर माझा कोण होता? ती होती.


२ डिसेंबर

ड्युटी रजिस्टर उतरवून घेते आहे. ऑगस्टपासूनचं. रोज जेवणाच्या सुट्टीत चार पानं. कोणत्या दिवशी कागदावर किती आणि खरोखर किती. चार मंजूर पदं. एक सिस्टर बारा दिवस कलेक्टर ऑफिसच्या पाहुण्यांकडे बंगला ड्युटीला. शिबिरं अकरा. तीन महिन्यांत एकोणतीस दिवस असे की वॉर्डात एकच नर्स. आणि प्रत्येक दिवशी खाली सही — गिरजाबाई.

सुगंधाबाई दारात उभी राहते, कोणी आलं की खोकते. म्हणाली, "सिस्टर, तुमी जेवा तं पह्यले." डबा तसाच परत जातो. भूक लागत नाही. राग हेच जेवण झालं आहे.


६ डिसेंबर

भद्रावतीला घरी. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या. सगळी वस्ती होती. बाबांना सगळं सांगितलं. ते खाणीतून रिटायर झाले तरी खोकला अजून खाणीतलाच आहे. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "कमळे, रडून काई होत नाई. कागदानं मारलं तं कागदानंच मारा लागते. लिह्याले तं तुले शिकवलं ना आमी?"

आई म्हणाली, "जाऊ दे ना वं. नोकरी हाय हे काय कमी हाय?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चूल फुंकायला गेली.


१० डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा!

ऑफिसातले गुणवंतराव बाबू. आजवर माझ्याशी रजेच्या अर्जापलीकडे बोलले नव्हते. चहा पाजला आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमी रजिस्टर उतरवून राह्यल्या, मले मालूम हाय. घाबरू नोका. पन बाईची सर्व्हिस फाईल पाह्यली काय कधी?"

मी म्हटलं, मला कोण दाखवतंय?

"त्यात नोंदणी नंबरच नाई. नर्सिंगची परीक्षाच नाई देली बाईनं. एकोणसाठ साली आया म्हणून लागली, आठवी पास. कोनत्या तरी मिशन दवाखान्याचा कागद हाय, दोन ओळीचा. माणूस नव्हतं तवा साहेबलोकांनी तिलेच सिस्टर केलं. तात्पुरतं. ते तात्पुरतं चालूनच राह्यलं."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

गुणवंतराव हसले. "फाईल त्याईच्याच कपाटात असते."

त्यांना बाईचा काय राग आहे, विचारलं नाही. मला काय करायचंय! घरी येताना अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. आठवी पास आया! आणि मला, तीन वर्षं ट्रेनिंग केलेल्या पोरीला, हलगर्जी म्हणते!


१३ डिसेंबर, शुक्रवार

नागपूर. पहाटेची एस.टी. अधिवेशन सुरू आहे, शहरभर पोलीस आणि मोर्चे. आमदार निवासात तीन तास बसले. शेवटी आपल्या भागातले एक साहेब भेटले. विरोधी पक्षाचे, म्हणून तर गेले. अर्ज सात पानांचा. सहा पानं रजिस्टरची नक्कल. सातव्या पानावर शेवटची ओळ मी काल घातली — "तसेच इन्चार्ज परिचारिका यांचेकडे नोंदणी प्रमाणपत्र नसल्याचे समजते, तरी चौकशी व्हावी."

साहेबांनी पानं उलटवली. सातव्यावर थांबले. बोटानं टकटक केलं. "हे पक्कं आहे काय?"

"पक्कं," मी म्हटलं.

घालू की नको असा एक क्षणही विचार केला नव्हता. खोटं कशाला लिहू.


२० डिसेंबर

विधानसभेत प्रश्न लागला! पेपरात पाच ओळी आल्या. "बिगरनोंदणी परिचारिकेच्या हाती रुग्ण." एकोणतीस दिवसांचं एक अक्षर नाही, पण ठीक आहे. डॉक्टर सकाळपासून पोस्टात, फोनवर. गिरजाबाईनं पेपर वाचला, घडी केली, सुगंधाबाईला परत दिला आणि राऊंडला गेली. चेहरा पाहायला मी मुद्दाम मागे मागे गेले. मला तिचा पडलेला चेहरा पाहायचा होता. दिसला नाही. त्याचाच राग आला.


२१ जानेवारी १९८६, मंगळवार

चौकशी झाली. नागपूरहून दोन अधिकारी आले. डॉक्टरांनी कोंबडी केली होती.

आधी मला बोलावलं. मी रजिस्टरची नक्कल पुढे केली. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "सिस्टर, शिबिर हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याबद्दल इथे चर्चा नको."

"पण साहेब, त्या दिवशी वॉर्डात मी एकटी होते."

"तसं निवेदनात नाही."

"निवेदन खोटं आहे!"

"आवाज खाली."

मग तिला बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडंच होतं. फाईल समोर. साहेबांनी नोंदणी नंबर विचारला. दुसऱ्यांदा विचारला. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच, वॉर्डात बोलते तसा — "नंबर नाई साहेब. पंधराशेच्या वर बाळतिणी सोडवल्या. त्याईले पण नंबर नाई."

धाकटा साहेब हसला. मोठ्या साहेबांनी लिहून घेतलं. पंधरा मिनिटांत काम झालं.

लालसू आला होता. कोणी सांगितलं कोण जाणे. छातीशी पोर, आवाराच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली बसून होता. मी दोनदा सांगितलं आत, मृताचा नवरा आला आहे. "बोलावू." जीप साडेचारला गेली. बोलावलं नाही.

मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "मला माफ कर."

त्यानं मान हलवली. "तू होती बाई. बाकी कोन होतं?" एवढंच. पोरगी माझ्याकडे टकमक पाहत होती. तिला घेऊन तो रस्त्याला लागला.


११ फेब्रुवारी, मंगळवार

हुकूम आले. तीन.

एक — गिरजाबाईंची सेवा तात्काळ समाप्त.

दोन — डॉ. वैरागडे यांची बदली नागपूरला, एकतीस मार्चनंतर. ज्या जागेसाठी ते तीन वर्षं खेटे घालत होते तीच. वर शिबिरांच्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र.

तीन — मला ताकीद. ठपका सर्व्हिस बुकात कायम.

पहिला कागद पुन्हा पुन्हा वाचला. बाकीचे दोन वाचूच नयेत असं वाटलं. जिंकले ना मी? तिला पाडलं ना! मग पेढे आणावेत. सुगंधाबाईला म्हटलं तर ती माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी मी परक्या भाषेत बोलले.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

गिरजाबाईनं चार्ज दिला. मलाच. दुसरं आहे कोण?

किल्ल्या, चादरी, कात्र्या, मॉर्फीनच्या एम्प्युल, सगळं मोजून. एक एक वस्तू समोर ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे पाहायची. शेवटी मीच म्हटलं, कारण तेवढ्यासाठीच मी तीन महिने जगले होते, "आता कळलं, कागद कसा लागतो?"

ती खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच तिला ड्युटीवर बसलेलं पाहिलं.

"मले तं सव्वीस वर्सापासून मालूम हाय. डॉक्टरनं निवेदन समोर ठेवलं, वरतून मही फाईल ठेवली. म्हणे, सही कर, नाईतं हे नागपूरले जाते. मी केली सही." किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या. "फाईल तं गेलीच. तू पाठवली."

मी म्हटलं, "तुम्ही माझा गळा कापला."

"कापला. खोटं काऊन बोलू. मंगली मह्या हातानं वाचली असती, हे पन खरं हाय. अन् शिबिराले जाताना मले दिसत होतं का इथी एकटी पोरगी सोडून राह्यलो. तरी जीपमंदी बसली. तेची सजा तू देली असती तं मी घेतली असती. पन तू मले त्याच्यासाठी नाई पाडलं. नंबर नाई म्हणून पाडलं."

पिशवी उचलली. दारात सुगंधाबाई रडत होती, तिच्या पाठीवर थाप मारली. गिरजाबाईचं गाव मार्कंड्याच्या रस्त्याला आहे, दोन कोसांवर. चालत गेली.

मला पस्तावा झाला असं लिहिलं तर छान दिसेल. नाही झाला. बरं वाटलं. मग जेवायला बसले आणि डबा तसाच झाकून ठेवला.


१९ फेब्रुवारी

तिच्या जागेवर कोणी नाही. 'पद रिक्त' असा शिक्का आला. एक नर्स बाळंतपणाच्या रजेवर. दोघी उरलो. आज पुन्हा शिबिर, दुसरी तिकडे. वॉर्डात मी एकटी.


२७ फेब्रुवारी

डॉक्टर सामानाची यादी करतात आणि शीळ वाजवतात. ही शीळ मी कधी बंद करीन? रोज एक उपाय सुचतो, रोज तो कागदाशी येऊन थांबतो.


८ मार्च, शनिवार

सगळं नीट आठवून लिहिते.

मार्कंड्याची यात्रा भरली आहे. डॉक्टर तिथल्या तंबूत. सकाळी अकराला बैलगाडीतून मीराबाई नावाची बाई आणली, यात्रेला आलेली, चौथं बाळंतपण. पाऊण तासात मुलगा झाला. मग वार पडेना. रक्त. तेच. अगदी तेच! माझे कान बंद झाले. तिची सासू माझ्या दंडाला धरून ओरडत होती आणि मला फक्त तोंड हलताना दिसत होतं.

या खेपेला शीर मिळाली. डोळे मिटून घेतले आणि मिळाली. सलाईन धावायला लागलं. पण हात घालायची वेळ आली आणि बोटं लाकडाची झाली.

जीप आवारात होती. श्रावण ड्रायव्हर तंबूसाठी औषधं भरत होता. मी खिडकीतून ओरडले, "श्रावणभाऊ, औषधं राहू द्या! गिरजाबाईला आणा!"

तो थबकला. "सिस्टर, साहेबानं तं तिले आवारात पाय..."

"आणा म्हणते ना!"

ती येणार नाही असं मला पक्कं वाटत होतं. मी तिच्या जागी असते तर आले नसते. पोट चोळत राहिले, मोजत राहिले. वीस मिनिटांत जीप आली. हाताला ओलं पीठ, तशीच आलेली. माझ्याकडे पाहिलं नाही. बादलीत कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले, मीराबाईच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, महा हात थंडा हाय, घाबरू नोको. लांब सास घे."

मग मला, त्याच आवाजात — "वरतून धर. डावा हात पोटावर, घट. आता पाह्य. कड शोधा लागते पह्यले. कड सापडली का बोटाच्या बाजूनं सोडवत जायचं, भाकर तव्यावरून सोडवते तशी. ओढाचं नाई. ओढलं का मेली."

माझ्या तळहाताखाली तिची बोटं चालताना कळत होती. आतून ती, बाहेरून मी. चार मिनिटं असतील. वार आली. तिनं ती ताटात पसरली, तुकडा राहिला का ते पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. रक्त थांबलं. मीराबाईनं पाणी मागितलं.

गिरजाबाई हात धुताना म्हणाली, "पुढच्या वेळी तू घालशीन हात. मी येनार नाई, जीप आली तरी."

मी पाया पडायला वाकले. ती बाजूला झाली. "नाटक नोको करू. मही भाकर तव्यावर हाय."


१० मार्च, सोमवार

डॉक्टरांना कळलं. कुणीतरी सांगितलं. पोलिसांत देणार म्हणतात, नोंदणी नसताना सरकारी दवाखान्यात हात घातला म्हणून. मला कोरा कागद दिला, पेन दिलं, उभे राहिले. "लिही. ती आली होती, एवढंच लिही. तुझा ठपका मी काढून टाकतो."

मी लिहिलं —

"दि. ८ मार्च रोजी गिरजाबाई रुग्णालयात आल्या नव्हत्या. वार मी स्वतः हाताने काढली."

सही केली. तारीख घातली.